तूटवाले सर

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी सर कॉलेजातून रजा घेत. लग्नकार्याला ते कधी रजा घेत नसत, पण हा एक दिवस त्यांनी कधी सोडला नाही. सकाळीच आंघोळ उरकून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसत आणि घरात कोणी मोठ्यानं बोललं की हात वर करून त्याला गप्प करत. स्वतः मात्र अखंड बोलत. तिकडे दिल्लीत अर्थमंत्री भाषण करत आणि इकडे वडशाजवळच्या एका खेड्यात आमचे सर त्यांना उत्तरं देत. "अजी, पण आणसान कुठून?" "हे तं मागच्या वर्षीबी सांगतलं होतं!" "घ्या, आणखी सूट द्या! घरचाच माल हाय ना!" शेवटी तुटीचा आकडा आला की दोन्ही गुडघे धरून ते पुढं वाकत, तो ऐकत आणि "गेलं बाप्पा" म्हणून मागं टेकत. चेहरा असा होई की जणू त्यांच्याच शेतातला धान वाहून गेला.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या घरी भाडेकरू होऊन मला थोडेच महिने झाले होते. मी साताऱ्याकडचा, वडशाच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला आलेला. ते तिथंच अर्थशास्त्र शिकवत. स्टाफरूममध्ये ते कोणालाही नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "काय जी भूगोल, आज डबा नाई आणला?" "इंग्रजीले ताप आला म्हणते." पहिल्याच दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मराठी, खोली भेटली का? नसन भेटली तं आमच्या घरी चाला. मागची खोली रिकामी हाय." तेव्हापासून मी मराठी झालो. त्यांच्या पत्नीला सगळं गाव 'बाई' म्हणे. बाईंनी त्यात आदरापुरती भर घातली आणि मला 'मराठीभाऊ' केलं. माझं खरं नाव त्या घरात कोणाला ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

गावात सरांचं नाव होतं 'तूटवाले सर'. कुठलंही बोलणं ते देशाच्या तुटीवर आणि कर्जावर आणून सोडत. त्यामुळं मला आधी वाटलं, गृहस्थ पक्का कंजूष असणार. चहात साखर मोजून घालणारा वगैरे. तसं काही नव्हतं. विहीर आणि मोटरसाठी त्यांनी स्वतः कर्ज काढलं होतं आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती विहीर ते देवदर्शनासारखी दाखवत. "कर्जाचं तोंड पाहू नये, पाय पाहावे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "कुठी चाल्लं ते पाहावं. शेताकडं चाल्लं तं जाऊ द्या. वरातीकडं चाल्लं तं दार लावा."

त्यांना खरा संताप यायचा तो चहाच्या टपरीवर. कोणी मोबाईलवर आलेलं काहीतरी वाचून दाखवी की प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर अमुक इतकं कर्ज आहे. मग सर त्या माणसाच्या डोक्याकडं निरखून पाहत. "तुह्या डोक्यावर? कुठी हाय? मले तं टक्कल दिसून राह्यलं." मग बाकावर सरकून बसत आणि सांगत: देश म्हणजे घर नव्हे, घरातला कर्ता माणूस म्हातारा होतो, देश होत नाही, म्हणून देशाला उधार मिळत राहतं. आणि हे उधार बहुतेक आपलंच. आपल्या बँकेतल्या ठेवी, आपले विमे, तोच पैसा सरकार उचलतं.

"मंग घोर कायचा, सर? घरचंच तं हाय," टपरीवाला विचारी.

"घोर याचा, का व्याज भरते कोण आन् ते जाते कोणाच्या घरी. आन् व्याज पैले जाते बाबू. शाळेच्या आधी, दवाखान्याच्या आधी. उरलं तं तुह्यासाठी."

टपरीवाल्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तो सरांच्या चहाचे पैसे कधी सोडत नसे आणि सरांना त्याचंच कौतुक होतं.

पण सरांचं खरं अर्थशास्त्र समजायला मंडई पाहावी लागते. मंडई म्हणजे आमच्याकडची भाजीमंडई नव्हे. दिवाळी झाली, धान कापून झाला की त्या भागातलं प्रत्येक गाव आपली मंडई भरवतं. दिवसभर दुकानं, जिलेबी, घराघरांत पाहुणे. सोयरिकी तिथंच जुळतात. आणि त्या रात्री गावात नाटक. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशाला ओळीनं आहेत. गावचं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं, तिकिटं लावतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या ओट्यावर जमाखर्च वाचून दाखवतं.

नाटक म्हटलं की सर विरघळत. कॉलेजात असताना त्यांनी गावच्या नाटकात नायिकेची कामं केली होती. बाई हसत सांगत, "साडी माह्यापेक्षा तेच चांगली नेसतात जी." पहिल्या रांगेत बसून ते हुंदके देत आणि खलनायक आला की त्याला अर्थमंत्र्यांसारखंच फैलावर घेत. एकदा तर खलनायकानं वाक्य अर्धवट सोडून त्यांना हात जोडले होते.

आणि तरीही दरवर्षी नाटक ठरवायच्या बैठकीत विरोधाला उभे राहत ते हेच. कारण दरवर्षी हिशेबात तूट निघे. दरवर्षी तिला नवं कारण असे. कधी थंडी फार पडली, कधी शेजारच्या गावानं त्याच दिवशी नाटक लावलं. उपाय मात्र दरवर्षी एकच: पुढच्या वर्षी याहून मोठं नाटक आणायचं. मंडळाचा अध्यक्ष रोशन नावाचा हुशार, गोडबोल्या तरुण होता. तो बोट नाचवून सांगे, "सर, मोठी हिरोईन आणली का गर्दी मोठी. गर्दी मोठी का मागची तूट साफ." मग गावातल्या राइस मिलवाल्याकडून पैसे उचलले जात. त्यातले थोडे जुन्या व्याजात जात आणि बाकीचे हिरोईनीला.

"पाहा मराठी," सर मला घरी येताना म्हणत, "दिल्लीले जायची गरजच नाई. आपला अंदाज नेहमी गोड राह्यते आन् हिशेब कडू."

त्यांचा सगळ्यात मोठा राग पासांवर होता. सरपंचाला पास, पोलीस पाटलाला पास, मिलवाल्याच्या अख्ख्या खटल्याला पास. खुर्च्यांवर फुकटे आणि खाली सतरंजीवर तिकीटवाले. ज्यांना परवडतं त्यांना सूट आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून वसुली, यालाच आपण राज्यकारभार म्हणतो, असं ते भर बैठकीत सरपंचाकडं बघून बोलत. "तूट कर्जानं येत नाई. तूट पासानं येते. कर्ज तं तिच्या मांगून येते, तिले झाकाले." शेवटी भांडून भांडून त्यांनी एवढी एक रीत पाडून घेतली होती की हिशेबाच्या वेळी पासवाल्यांची नावं मोठ्यानं वाचायची. लोक खाली मान घालून आपलं नाव ऐकत आणि पुढच्या वर्षी पुन्हा पास घेत. सर स्वतः मात्र मंडईच्या सकाळी तिकिटाच्या टेबलावर पहिले जाऊन उभे राहत. रोशन पास पुढं करी, ते हात मागं घेत. "मी पास घेतला तं बोलू कोणत्या तोंडानं?"

एका वर्षी रोशननं तूट भरून काढायला भलतीच युक्ती काढली. खुर्च्या होत्या तेवढ्याच, पण खुर्चीची तिकिटं त्यानं भरपूर जास्तीची छापली. संध्याकाळी मंडपात जो गोंधळ झाला तो नाटकापेक्षा रंगला. एकेका खुर्चीचे दोन-दोन मालक. एक जाडजूड पाहुणा दुसऱ्या पाहुण्याच्या मांडीवर बसला आणि उठेना. लोक तिकिटं नाचवून ओरडत होते आणि सर त्या गर्दीत घुसून आनंदानं टाळ्या पिटत होते. "हेच ते! पोट्टेहो, हेच! नोटा छापल्या! तिकीट तेच, पण आता त्यात खुर्ची नाई मावत! याले म्हणतात महागाई!" रोशन रडकुंडीला आला होता. सरांची स्वतःची खुर्चीही गेली होती, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. अख्खं नाटक त्यांनी खांबाला टेकून पाहिलं.

कर्ज वाढत गेलं तसा मिलवाल्याचा शब्दही वाढत गेला. कोणतं नाटक आणायचं ते तो सांगू लागला. पुढं एका नाटकात त्याच्या भाच्याला हवालदाराचं काम मिळालं. तो स्टेजवर आला की सगळी वाक्यं विसरे आणि सलाम करत राही. आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. आणि मग मंडळानं हसण्यावारी न नेण्यासारखी गोष्ट केली. गावच्या तलावातल्या मासोळीचा ठेका व्याजापोटी मिलवाल्याला पुढच्या काही वर्षांसाठी लिहून दिला. त्या ठेक्याच्या पैशातून तलावाची पाळ आणि गेट यांची डागडुजी होत असे. सरांनी खूप आरडाओरडा केला. लोक म्हणाले, पाळ काय पळून चालली का?

पाळ खरंच गेली. एका पावसाळ्यात गेटजवळ ती खचली आणि भरलेला तलाव एका दुपारी रिकामा झाला. खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, रेती पसरली. रोवणी झालेला धान आधी पाण्याखाली गेला आणि मग पाण्यावाचून वाळला. वर अर्ज पाठवले. निधी उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. सर ते वाचून म्हणाले, "वरबी मंडईच चालू हाय."

मारुतीच्या ओट्यावर सभा भरली. मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. रोशन उभा राहिला. तो पार बदलला होता, डोळे खाली होते. तो म्हणाला, "सर इतके वर्ष सांगून राह्यले, आपण आयकलं नाई. आता गावानं शपथ घ्यावी. यापुढं गावाच्या नावानं कर्ज नाई. घराघरातून जमन तशी वर्गणी काढू. पाळ हळूहळू बांधू." सगळ्यांनी माना हलवल्या. म्हातारेकोतारे सरांकडं कौतुकानं पाहू लागले. आयुष्यभर शिकवलेला धडा अख्ख्या वर्गानं एकदम पाठ म्हणून दाखवावा, असा तो क्षण होता. मला वाटलं, आता सर रडणार.

सर उठले आणि म्हणाले, "कर्ज घ्या."

कोणाला काही कळेना. मग एकच गलका झाला. एक म्हातारा काठी आपटत ओरडला, "सर, तुमी पागल झाले का? नाटकासाठी नाई म्हणत होते, आन् आता आमी बुडालो तवा घ्या म्हणता?"

"आता बुडाले म्हूनच म्हणतो. हळूहळू बांधसान तं तीन पावसाळे जातीन. तवरी धान नाई, मासोळी नाई. जुनं कर्ज बसल्या जागी वाढन आन् फेडाले हाती काईच नाई राहन. आजारी माणसाले उपास नाई घडवत, बावा. त्याले पेज पाजतात. उपास तं तो बरा असताना कराचा होता." ते थांबले. "मी कर्जाच्या विरोधात कधीच नव्हतो जी. तुमी अर्धंच आयकलं."

मग त्यांनी अट सांगितली. मिलवाल्याकडून जुनं-नवं एकत्र करून लांब मुदतीचं एकच कर्ज घ्यायचं, मासोळीचा ठेका गावाला परत घ्यायचा, आणि ते फिटेपर्यंत गावात नाटक नाही. मंडई भरेल, पण नाटक नाही. हे ऐकून सभा गार पडली. नाटकावाचून मंडई म्हणजे पाहुणे येणार नाहीत, मुलीबाळींच्या सोयरिकी दुसऱ्या गावांत जुळतील. मिलवाला कुरकुरला, पण तलाव कोरडा राहिला तर मिलला धान कुठला येणार, हे त्यालाही कळत होतं. सभेनं मान्य केलं. सर खाली बसले. बाई माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला यायनं. नाटकाबिगर हा माणूस जगन कसा, मराठीभाऊ?"

पाळ झाली. पहिल्या वर्षी गेटला फक्त लाकडी फळ्या लावल्या, लोखंडी गेट पैसे येतील तसं करू म्हणून ठेवलं. हिवाळे बिननाटकाचे जाऊ लागले. शेजारच्या गावात नाटक असलं की सर जात, पण ते म्हणत, दुसऱ्याच्या गावात रडायला मोकळं वाटत नाही.

मग ते आजारी पडले. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला, त्यांनाही. धान कापणी झाल्यावर एका सकाळी रोशन आणि मंडळाची पोरं घरी आली. कर्ज अजून एक वर्षाचं उरलं होतं. रोशन खाटेजवळ उकिडवा बसला.

"सर, यंदा नाटक आणतो. तुमच्यासाठी. मिलवालेबी द्याले तयार हायेत. एक वर्षानं काय होते?"

सर उशीला टेकून बसले. डोळ्यांत एकदम चमक आली. "कोणती कंपनी?" त्यांनी विचारलं. रोशननं सांगितलं. "हिरोईन कोण?" तेही सांगितलं. पेटीवर कोण, खलनायक कोण, पडदे नवे आहेत की जुनेच, रडायचं आहे की हसायचं. रोशननं सबंध कथा सांगितली आणि सर अधूनमधून "मंग? मंग?" करत राहिले. मधेच त्यांनी डोळेही पुसले. मी दारात उभा होतो आणि मनापासून वाटत होतं की म्हणा हो, एकदा म्हणा हो. तुमच्याइतका हक्क कोणाचा आहे?

कथा संपली. मग सरांनी विचारलं, "तलावाचं लोखंडी गेट बसलं का रे?"

"पुढच्या साली बसवू, सर."

"मंग नाई," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून लहान मुलासारखे रडू लागले. पोरं पाय न वाजवता निघून गेली. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा ते तसेच, भिंतीकडं तोंड ठेवून बोलले, "इतके वर्ष शिकवलं, मराठी, पण कर्ज काऊन वाढते ते आज समजलं. समोर उभा राहून कोणी 'तुमच्यासाठी' म्हणते, त्याचं तोंड दिसते. ज्याले फेडाचं हाय तो अजून जन्मालेच नाई आला. त्याच्या बाजूनं बोलाले कोण येईन?"

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाला त्यांनी खाट टीव्हीसमोर ओढायला लावली. सदरा इस्त्रीचाच होता. पण ते एक शब्द बोलले नाहीत. तुटीचा आकडा आला, गेला. मला ती शांतता सहन होईना.

"आज मंत्र्यांना शिव्या नाहीत, सर?"

"नाई जी. त्यायच्या घरी तं रोजच रोशन येते," ते म्हणाले.

उन्हाळ्यात ते गेले. त्यानंतर माझी बदली संस्थेच्या गोंडपिपरीच्या शाखेत झाली. खोली रिकामी करताना बाईंनी मला त्यांचा चष्मा दाखवला आणि परत डबीत ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात रोशनचा फोन आला. "मराठीभाऊ, गेट बसलं. कर्ज सरलं. नाटक हाय, या." मी गेलो. तिकिटाच्या टेबलापुढं रांग होती आणि रांगेत सरपंच होता, पोलीस पाटील होता. मिलवाला तर आपल्या खटल्याची तिकिटं सगळ्यांना दिसतील अशी हातात धरून चालत होता. नाटक छान झालं. पहिल्या रांगेत हुंदके देणारं कोणी नव्हतं, म्हणून असेल, मला ते थोडं अळणी वाटलं.

सकाळी ओट्यावर हिशेब झाला. रोशननं खर्च वाचला, तिकिटांची जमा वाचली आणि घसा खाकरून म्हणाला, "शिल्लक." किती ते ऐकायला कोणी थांबलं नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या, म्हातारे हसायला लागले. मग रोशननं हात वर केला. "अजून एक राह्यलं. पासाचे नावं." त्याचा आवाज भरून आला होता. "पास, एक. पैल्या रांगेतली पैली खुर्ची. सरांच्या नावानं मंडळानं ठेवली होती."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

तेवढ्यात बाई उठल्या.

"काऊन रे रोशन, तो पास कोणाले इचारून देल्ला?"

रोशन गोंधळला. "बाई, सरांसाठीच... सगळ्यायनं मिळून ठरवलं."

"सगळ्यायनं मिळूनच तं तूट होते, बाबू," बाई म्हणाल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, तिकिटाचे पैसे काढले आणि गर्दीतून वाट काढत जाऊन त्याच्या हातावर ठेवले. "ते राह्यले असते तं तुह्या कानाखाली देल्ली असती. घे. आन् आता बराबर वाच."

रोशननं बाहीनं डोळे पुसले. पुन्हा उभा राहिला आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं वाचलं.

"पास, कोणालेच नाई."